एकाच वर्षात लग्न, फ्लॅट आणि परदेशवारी: कशाच्या आधी काय

सुपारी फुटली की पहिला फोन जातो कार्यालयाला. तारीख मिळते, अनामत भरली जाते, मग दागिने, मग याद्या. या गडबडीत कुणीतरी म्हणतंच, "आत्ता छोटं पर्सनल लोन काढू, घराचं नंतर बघू." त्याच वर्षी घरही घ्यायचं असेल तर सगळ्या खर्चांत हे वाक्य महाग पडतं.

हिशेब करून बघा. लग्नासाठी ५ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० रुपये. ८.५ टक्के दराच्या २० वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता येतो. तुम्हाला किती हप्ता झेपेल हे ठरवताना बँक चालू हप्ते आधी वजा करते. म्हणजे ५ लाख उचलले आणि गृहकर्जाची पात्रता १९ लाखांनी खाली आली. 'नो कॉस्ट' हप्त्यांवर घेतलेला फोन किंवा क्रेडिट कार्डवर हप्त्यांत बदलून घेतलेली दागिन्यांची खरेदी यांनाही तोच नियम.

म्हणून गृहकर्जाचं मंजुरीपत्र आधी, लग्नाचा मोठा खर्च नंतर. मंजुरी मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. चेक निघण्याआधी बँक सिबिल (तुमच्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल) पुन्हा बघू शकते आणि मधल्या काळात घेतलेलं कर्ज तिथे दिसतं. नोकरी बदलायची असेल तर कर्जाची रक्कम वितरित झाल्यावर बदला. अर्ज दोनच बँकांत करा, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. मंजुरीपत्राची मुदत त्यावरच छापलेली असते. ती संपली की नव्या पगारपत्रकांसह पुन्हा सुरुवात.

घराला रोख किती लागते

पुण्यात ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के इतकीच मर्यादा आहे. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, पदरचे १६ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. या दोन्ही रकमा बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्या खिशातूनच जातात. ५ टक्के जीएसटीचे ४ लाख वेगळे. बेरीज २५ लाख ९० हजार. सोसायटीची अनामत, वर्षाचा आगाऊ देखभाल खर्च आणि वकिलाची फी अजून यात नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही, एवढ्या एका कारणासाठीही आधी तयार फ्लॅट बघावेत.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा दर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत) यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून येतात, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात, जत्रा भरते आणि सर्व्हर रडतो. सगळे खरेदीदार महिला असतील तर निवासी घराला १ टक्का सवलत मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणात ८० हजार. पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. दोघांनी पैसे घालून फक्त ८० हजारांसाठी एकाचं नाव वगळू नये, हे आमचं स्पष्ट मत.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे आधीच भरायचा प्राप्तिकर) कापून तो तुम्हीच भरायचा. हा जादा खर्च नाही, त्याच्याच पैशांतून जातो. पण दोघं खरेदीदार असाल तर दोघांनी आपापल्या पॅनवर वेगवेगळा भरायचा असतो. एकट्याच्या पॅनवर सगळा भरला की नोटीस येते. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर दर आणि पद्धत दोन्ही बदलतात, तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका.

आईवडील मदत करणार असतील तर ती बँकेतूनच घ्या आणि एका कागदावर लिहून ठेवा: कोणी, कोणाला, किती, परत करायचे नाहीत. आईवडिलांकडून आलेल्या भेटीवर कर नाही, लग्नानिमित्त इतरांनी दिलेल्या भेटींवरही नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आणि एकाच समारंभासाठी केटररला किंवा मांडववाल्याला २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, मग ती चार हप्त्यांत का दिलेली असेना.

बिल्डर बुकिंगलाच २० टक्के मागत असेल तर थांबा. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याने नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख बघा. विक्री कार्यालयात सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख यांत वर्षाचा फरक सहज निघतो, आणि करारात साधारणपणे तिथलीच तारीख येते. 'लग्नानंतर थेट नव्या घरात' हे गृहीत धरून भाड्याचं घर सोडू नका. पितृपक्षात सौदा करायला लोक बिचकतात. तुम्हाला चालत असेल तर घासाघीस त्याच पंधरवड्यात बरी जमते.

नावाचा घोळ

लग्न, घर आणि पासपोर्ट या तिन्ही कामांत नवरीचं नाव लागतं, आणि नेमकं त्याच वर्षी ते बदलायची टूम निघते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर घराचा करार, कर्ज आणि प्रवास आटोपल्यावर बदला. अर्धवट बदल सगळ्यात वाईट: आधारवर नवं नाव, पॅनवर जुनं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, करारात चौथंच. मग प्रत्येक खिडकीवर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र द्या.

एक कोरा कागद घ्या. आधार, पॅन, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचं पासबुक यांवरची दोघांची नावं अक्षरशः उतरवून काढा. 'Y'चा 'I' झालेला, मधलं नाव गळालेलं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटलेला, सगळं तिथेच दिसेल. दुरुस्ती आधार आणि पॅनची आधी करा. घराच्या करारात पॅनवरचं नाव घाला आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढा. लग्नपत्रिकेत लाडाचं नाव छापायचं असेल तर खुशाल छापा, पण विवाह नोंदणीत पत्रिका जोडावी लागते, म्हणून कागदोपत्री नाव त्यात कुठेतरी असू द्या.

लग्नाआधीच दोघांच्या नावाने घर घ्यायचं असेल तर बँक नातं विचारते. वाग्दत्त जोडप्याला संयुक्त कर्ज द्यायला काही बँका कचरतात, म्हणून अर्जाच्या आधीच विचारा. 'आत्ता एकाच्या नावावर घेऊ, दुसरं नंतर जोडू' हे बोलायला सोपं. कर्ज चालू असताना त्याला बँकेची ना-हरकत आणि नवा नोंदणीकृत दस्त लागतो. घाई असेल तर विशेष विवाह कायद्याने आधी नोंदणी विवाह करून विधी नंतर करता येतात. त्याला ३० दिवसांची नोटीस लागते, दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम लागतो आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

तारखा

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, पौषात बहुतेक घरं नको म्हणतात आणि अधिक मास आला की आणखी महिना जातो. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून उन्हाळ्यातले उरलेले मुहूर्त कार्यालयवाल्यांकडे सोन्याच्या भावाचे. गुरुजींकडून काढीव मुहूर्त (पंचांगात छापलेला नसलेला, खास काढून दिलेला) मिळतो, आणि त्या दिवशी तेच कार्यालय बरंच स्वस्तात मिळतं.

मुहूर्ताच्या आधीचे १५ दिवस आणि नंतरचे १० दिवस घराच्या कामाला मोकळे समजू नका. दुय्यम निबंधकाकडे दोघांनी स्वतः जायचं असतं: फोटो, बोटांचे ठसे, दोन साक्षीदार. मेंदी रंगलेल्या बोटांचे ठसे यंत्र कधीकधी घेतच नाही. दोनदा पुसा, ओलं करा, तेल लावा, रांग मागे खोळंबते. बँकेतल्या कर्जाच्या सह्यांनाही दोघं हवेत. दस्तावर सह्या झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, त्यामुळे केळवणाच्या आठवड्यात घुसवण्याची गरज नसते. मात्र कर्जासाठी मूळ कागद बँकेकडे ठेवले की ३० दिवसांत 'नोटीस ऑफ इंटिमेशन' (घर गहाण ठेवल्याची निबंधकाला द्यायची सूचना) दाखल करावी लागते. हनिमूनला निघायच्या दोन दिवस आधी कर्ज वितरित झालं तर ती परत आल्यावर आठवते, तोवर मुदत संपत आलेली असते. विमानात बसण्याआधी ती संपवा.

कार्यालय आणि जेवण

कार्यालयाच्या पावतीवर ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा ते लिहून घ्या. सीमांत पूजन आदल्या संध्याकाळी असेल आणि ताबा रात्री आठला मिळत असेल तर सगळं कोलमडतं. वीज युनिटवर की ठोक, जनरेटरचं डिझेल कोणाचं, वऱ्हाडाच्या खोल्यांत गाद्या किती, बाहेरचा केटरर चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय अनामत देऊ नका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून संगीत सातला सुरू करा, साडेनऊला नाही.

केटररला खात्रीचा आकडा द्यावा लागतो आणि तेवढ्या ताटांचे पैसे माणसं आली नाहीत तरी जातात. अंदाज ३५० चा असेल तर खात्री ३१५ ची द्या आणि वरच्या ताटांचा दर आधी ठरवून घ्या. बहुतेक केटरर ५ ते १० टक्के तयारी जास्तीची ठेवतात, पण ते विचारून लिहून घ्या. ताटं मोजायला दोन्हीकडचा एकेक माणूस उभा करा. हिशेबाचं भांडण बहुधा लग्नाच्या संध्याकाळीच होतं आणि तेव्हा कोणालाही त्राण नसतं.

दागिन्यांवर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक) बघा, बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. भाव सगळीकडे जवळपास सारखा, फरक घडणावळीत. जीएसटी घडणावळ धरून ३ टक्के.

विवाह नोंदणी

महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ९० दिवसांच्या आत करा, नंतर विलंब शुल्क लागतं. अर्ज म्हणजे 'नमुना ड'. अडतं ते गुरुजींच्या सहीवर. लग्नानंतर गुरुजी दुसऱ्या गावी दुसऱ्या लग्नात असतात. नमुना ड भरून लग्नाच्या दिवशीच बरोबर न्या आणि सप्तपदी झाली की दक्षिणेच्या पाकिटाबरोबर पुढे करा. तीन साक्षीदारही तिथेच ठरवा, ते नोंदणीच्या गावात राहणारे असलेले बरे. प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रती चार-पाच घ्या.

प्रवास

परदेशी जायचं असेल तर व्हिसाचा अर्ज आणि घराचं डाउनपेमेंट एकमेकांना छेद देतात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) बँकेची मागच्या काही महिन्यांची विवरणं मागतात, आणि २५ लाख नुकतेच बाहेर गेलेलं खातं वाईट दिसतं. उलट आहेराची रक्कम एकदम भरलेलं खातंही प्रश्न निर्माण करतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, निकालाला साधारण १५ दिवस धरतात, पण उन्हाळ्यात आधी भेटीची वेळच मिळत नाही. शक्य असेल तर व्हिसा आधी, डाउनपेमेंट नंतर. नसेल तर घराच्या कराराची प्रत आणि दोघांच्या नोकरीची पत्रं जोडा, पैसे कुठे गेले ते आपोआप कळतं. विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. इतर बरेच देश सहा महिने मागतात, तेव्हा सहाच धरून चाला. व्हिसाच्या काळात पासपोर्ट तुमच्याकडे नसतो, म्हणून त्या आठवड्यांत निबंधकाकडे ओळख पटवायला आधार लागेल.

लग्नानंतर तिसऱ्याच दिवशीचं विमान काढू नका. सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचं दर्शन यांना चार-पाच दिवस जातातच, आणि जेजुरीला जायचं तर रविवार आणि सोमवती अमावस्या टाळा. तुळजापूर किंवा कोल्हापूरसाठी रेल्वे असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख मुहूर्त ठरल्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दर्शनाला बरोबर कोण येणार हे मात्र घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, नाहीतर चार सीटांच्या गाडीत नऊ माणसं होतात.