रिफ्लेक्टेड पॉवर वाचायची कशी

मीटरवर रिफ्लेक्टेडचा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचा काटा हलला की आमच्या धरमपेठेतले नवे हॅम (हौशी रेडिओवाले) घाबरतात. घाबरू नका भाऊ, आधी भागाकार करा. फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी) १०० वॉट आणि रिफ्लेक्टेड ४ असेल तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा (१ म्हणजे अगदी जुळली), १.५, म्हणजे मस्त. ११ आले तर २. बरेच रेडिओ इथून पॉवर कमी करू लागतात. २५ आले तर ३, मग मात्र गच्चीवर चढा. (मे महिन्यात सकाळी सातच्या आत. नंतर पाइपला हात लागत नाही.)

त्याआधी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (सगळी पॉवर गिळणारा रोधक) लावून बघा. तिथेही परत येणारी पॉवर दिसली तर दोष मीटरचा नाहीतर जोडणीचा.

४० मीटर बँडच्या डायपोलसाठी (मध्यातून दोन्हीकडे ताणलेल्या तारेची अँटेना) ७.० आणि ७.२ मेगाहर्ट्झ, दोन्हीकडे कमी पॉवरवर वाचन घ्या. खालच्या टोकाला एसडब्ल्यूआर कमी असेल तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी कापा. उलट असेल तर वाढवा.

खरी फसवणूक केबल करते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ ही बारीक केबल साधारण १५ मीटरमध्ये अर्धी पॉवर खाते. वर अँटेना तुटून पडली तरी १०० पैकी ५० पोचतात, ५० परततात, मीटरपर्यंत २५ येतात, म्हणजे एसडब्ल्यूआर ३च दिसतो. केबल जितकी जास्त पॉवर खाईल तितका आकडा चांगला दिसतो. म्हणून पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर हुरळू नका, कनेक्टर उघडून आत पाणी शिरलंय का बघा. जमलं तर मीटर अँटेनाच्या बुडाशीच लावा.