‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे’: अशी लाल स्क्रीन आली तर काय करावं

सौदे आटोपून पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशोब) काढायची घाई चालू असते, आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानात नेमकं तेव्हाच हे होतं. दिवाणजी कुठलासा फॉर्म शोधायला साइट उघडतात, स्क्रीन लाल होते, भोंगा वाजायला लागतो आणि इंग्रजीतला एक आवाज बजावतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, खालच्या नंबरवर फोन करा.’ वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, मध्ये भराभर पळणारी व्हायरसची यादी, खाली तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. माणूस घाबरणारच.

आधी एवढं पक्कं करा की समोर जे दिसतंय ते एक वेबपेज आहे. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासता येत नाही. ती पळणारी यादी आधीच तयार करून ठेवलेली असते. आयपी अ‍ॅड्रेस तर तुम्ही उघडता त्या प्रत्येक साइटला दिसतो, आणि त्यावरून काढलेलं गाव पुष्कळदा चुकतंही. सांगलीत बसलेल्याला मुंबई नाहीतर पुणे दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की प्रकरण खोटं, पुढचं वाचायचीही गरज नाही.

स्क्रीन मोकळी करा

पेजवरच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, ‘कॅन्सल’लाही नाही आणि पेजच्या आत काढलेल्या फुलीलाही नाही. कीबोर्डवरचं एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, किंवा एफ ११ दाबा. फुल स्क्रीन सुटली आणि वर टॅब दिसायला लागले की तो टॅब बंद करा.

नाही सुटली, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबा. ही किल्ली थेट विंडोजच्या हातात असते, कुठल्याही वेबपेजला ती अडवता येत नाही. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम किंवा एज जो ब्राउझर असेल त्यावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर पेजेस’ असं विचारेल, तिथे हो म्हणू नका. म्हटलंत तर तीच लाल स्क्रीन परत दारात. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडं असलं तर ते चालूच राहतं, फक्त ब्राउझर बंद होतो. म्हणून घाबरून मेन स्विच पाडू नका.

कोपऱ्यातले इशारे

लाल स्क्रीन एकदा येते आणि जाते. खरा वैताग असतो तो उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी उगवणाऱ्या इशाऱ्यांचा: ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’, ‘पाच व्हायरस सापडले’. हे बघून कुणीतरी सांगतं की फॉरमॅट मारावा लागेल. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यासाठी फॉरमॅट मारून घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणं, आणि बॅकअप नसेल तर वर्षाचा हिशोबही.

कारण बहुतेक वेळा तिथे व्हायरस नसतोच, तिथे तुम्ही दिलेली परवानगी असते. क्रिकेटची मॅच फुकट बघताना किंवा पिक्चर डाउनलोड करताना एक साइट म्हणते, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा.’ दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळाला. पुढचा इशारा आला की तो नीट बघा. मोठ्या अक्षरात अँटिव्हायरस कंपनीचं नाव असेल, पण बारीक अक्षरात क्रोमचं किंवा एजचं नाव आणि जवळच एक अगम्य पत्ता. चोर तोच.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी खाली दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट ‘ब्लॉक’ करा. नुसती ‘रिमूव्ह’ केली तर ती पुन्हा विचारायला येऊ शकते. एज आणि फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन्स’ टाइप करा, तशीच यादी सापडेल. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तर कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवता येऊ नये असा पर्याय सरळ निवडून टाका, कामाचं काही अडत नाही.

तरीही जाहिराती येत असतील

गुगलमध्ये शोधलं तरी भलत्याच सर्च इंजिनवर जातंय, होमपेज आपोआप बदललंय, साध्या बातमीच्या पानावरही जाहिरातींचा चिखल झालाय, असं असेल तर अ‍ॅडवेअर आत शिरलंय, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर. हे बहुतेक फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येतं. पत्रिका छापणाऱ्यांकडे ते फुकटच्या मराठी फॉन्टबरोबर येऊ शकतं. त्या पानावर ‘डाउनलोड’ची तीन हिरवी बटणं असतात आणि त्यातली दोन जाहिरातीची.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेलं ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असलं काहीही दिसलं की अनइन्स्टॉल करा. मग ब्राउझरची एक्स्टेंशन्स (त्याला जोडलेली छोटी जादा साधनं) बघा, आणि जे तुम्ही स्वतः टाकलेलं नाही ते काढा. एखाद्याला ‘रिमूव्ह’ बटणच नसेल तर मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधन त्यांच्याच साइटवरून घ्या. ते इन्स्टॉल करावं लागत नाही.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजही बघाच. ‘टार्गेट’च्या ओळीत क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा. हा अगदी बारीक डाव आहे. बाकी सगळं साफ करूनही होमपेज बदलत राहतं ते यामुळे.

शेवटी विंडोज सिक्युरिटीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, ‘फुल स्कॅन’ लावून जेवायला जा. तिथेच ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीन विंडोज ११ घेत असेल तर तो बदलही करून टाका.

फोन केलाच असेल तर

पलीकडे बसलेली माणसं पुष्कळदा आपल्याच देशातली असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ राबवलं, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशाच बनावट ‘टेक सपोर्ट’ टोळ्यांवर छापे पडले. नुसतं बोलणं झालं असेल तर फोन ठेवा आणि नंबर ब्लॉक करा. पण एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावून त्यांनी कॉम्प्युटरचा ताबा घेतला असेल, तर आधी वायफाय बंद करा, केबल असेल तर ती उपसा. मग ते सॉफ्टवेअर काढा. ईमेलचे आणि नेट बँकिंगचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मोबाइलवरून. त्या कॉम्प्युटरवर नको.

पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत रोखली गेली तरच ती मिळायची आशा असते, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक, आलेले मेसेज, कॉलची वेळ आणि त्या लाल स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो जवळ ठेवा. पोलीस ठाण्यात आधी हेच मागतील.