रविवार सोडून उरलेले सहा दिवस

नव्या गावी पाळक म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात कबरस्तान बघून या. चर्चची इमारत नंतर बघितली तरी चालेल, ती कुठे पळून जात नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याला चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकलो, ग्रीक क्रियापदांचे तक्ते पाठ केले, मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समाजाचा, इतिहास आद्य काळापासून घोकला. नगर जिल्ह्यातल्या पहिल्या मंडळीत गेलो आणि अकराव्याच दिवशी एक वृद्ध सभासद प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. बाहेर पावसाची रिपरिप. कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे हे मला माहीत नाही, कबर कोण खोदतं ते माहीत नाही. आत जावं तर वेड्या बाभळी छातीइतक्या वाढलेल्या. पलीकडच्या शेतकऱ्याने कुंपण पडल्याचं बघून दोन-तीन सरींइतका आत नांगर घातलेला, आणि तो बांधावर उभा राहून सांगतोय, "पाळकसाहेब, हद्द हितपर्यंतच हाये." घरी पेटी तयार, मुंबईहून निघालेले नातेवाईक चाकणपर्यंत आलेले, आणि मी चिखलात उभा राहून तलाठ्याला फोन लावतोय.

तेव्हापासून मी जिथे जिथे बदलून गेलो तिथे पहिलं काम ठरलेलं. कबरस्तानाचा सातबारा काढायचा. तो कुणाच्या नावावर आहे ते बघायचं, कारण पुष्कळ ठिकाणी अजून जुन्या मिशनचंच नाव असतं आणि ट्रस्टच्या नावावर फेरफार झालेलाच नसतो. मोजणी कधी झाली ते विचारायचं. खोदणाऱ्या माणसाचा आणि पेटी करणाऱ्या सुताराचा नंबर वहीत लिहायचा. कुठल्या घराण्याच्या कबरी कुठल्या ओळीत आहेत हे एखाद्या जुन्या माणसाला सोबत नेऊन समजून घ्यायचं. तासभर तिथे फिरलात की मंडळीचा जो इतिहास कळतो तो कमिटीच्या मिनिट बुकात सापडत नाही.

त्या दिवशीची दुसरी चूक मात्र पूर्णपणे माझी. कबरीपाशी मी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर पंचवीस मिनिटं बोललो. पुनरुत्थानाचे मुद्दे, उपमुद्दे, पौलाचा युक्तिवाद. छत्र्या कमी, माणसं भिजलेली. परतताना एक आजी जवळ आल्या. "सलाम, पाळकसाहेब. बोलला चांगलं. पण त्या घरच्या बाईला रडू द्यायचं व्हतं जरा." बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं तिथून बिघडलं. आता मी कबरीपाशी शास्त्रपाठ, प्रार्थना आणि पाच-सात मिनिटांचा उपदेश, एवढंच करतो. खरं काम नंतर असतं. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, आणि पाहुणे परत गेल्यावर घर रिकामं होतं तेव्हा जाऊन बसायचं. पहिल्या नाताळाला त्या घरी आठवणीने जायचं.

घरभेटींबद्दल सगळेच सांगतात, पण त्या कशा करायच्या ते सांगत नाहीत. माझा अनुभव असा की पहिल्या पंधरवड्यात तुम्ही कुणाच्या घरी आधी गेलात याची नोंद गावात होते. कमिटीच्या सेक्रेटरीकडे किंवा बंगलेवाल्याकडे पहिला चहा घेतलात की तुम्ही त्यांच्या गटाचे झालात. मी वस्तीच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करतो. अंथरुणाला खिळलेली माणसं आणि विधवा आधी, मग ज्यांनी चर्चला येणं सोडलंय ती घरं. घरात बाई एकटी असेल तर दारातूनच क्षेमकुशल विचारून निघायचं, किंवा महिला मंडळातल्या कुणा बाईंना सोबत न्यायचं. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, तिच्याही अब्रूची काळजी आहे. आणि गेल्या गेल्या "प्रार्थना करू या" म्हणू नका. लोकांना ते "निघतो आता" असं ऐकू येतं. चहा येऊ द्या, म्हशीची, पोराच्या परीक्षेची, गुडघेदुखीची गोष्ट होऊ द्या. शेवटी विचारा, कशासाठी प्रार्थना करू? जे उत्तर येतं ते बहुतेक वेळा आधीच्या अर्ध्या तासात कुठेच आलेलं नसतं.

तिथे जे कळलं ते तिथेच राहिलं पाहिजे, बायकोलाही सांगायचं नाही. आणि रविवारी व्यासपीठावर तर अजिबात नाही. मी दुसऱ्या वर्षी हे केलं. दोन भावांत घराच्या वाटणीवरून भांडण होतं. मी नाव न घेता "काही जण प्रार्थनेला शेजारी बसतात आणि कोर्टात समोरासमोर उभे राहतात" असं बोललो. नाव घ्यायची गरजच नव्हती, अख्ख्या मंडळीच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. थोरला भाऊ आठ महिने चर्चला फिरकला नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम स्पष्ट लावून दिलाय. आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि मंडळीसमोर सगळ्यात शेवटी. मी शेवटची पायरी पहिली केली. माफी मागायला त्याच्या दारात तीनदा गेलो, तिसऱ्यांदा त्याने बसायला खुर्ची दिली.

उपदेशाचं म्हणाल तर वीस मिनिटं पुरे. शनिवारी रात्री तयारी करू नका. सोमवारीच शास्त्रभाग वाचून ठेवा, म्हणजे आठवडाभर बाजारात, एसटीत, दवाखान्यात तो तुमच्याबरोबर फिरतो. इंग्रजी भाष्यग्रंथ जरूर वाचा, पण त्यांची मराठी करून बोलू नका. सुरुवातीला मी "नीतिमान ठरवले जाणे" यावर तीन रविवार बोललो आणि ऊसतोडीला जाणारी माझी माणसं सभ्यपणे पेंगली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायकांनाही वाचून कळावं म्हणून. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईने भाषा खाली उतरवली, आणि आपण पदवी मिळाली की वर चढवतो. पुढे मी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं उदाहरण दिलं. कुणी तरी तुमची उचल फेडून टाकली आणि वहीतलं नाव खोडलं, तर? त्या दिवशी कुणी पेंगलं नाही.

आता पैसा. दानाची थैली उपासना संपल्यावर तिथल्या तिथे, किमान दोघांनी मिळून मोजायची, रजिस्टरात आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. पाळकाने मोजू नये, घरी तर नेऊच नये. एकदा खजिनदार लवकर गेले म्हणून मी थैली पाळकवाड्यात ठेवली. सोमवारी मोजली, जे निघालं ते लिहिलं. पण कुणाच्या तरी अंदाजापेक्षा ते तीनशे रुपयांनी कमी होतं, आणि ते तीनशे रुपये माझ्या बदलीपर्यंत माझ्या मागे फिरले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी पोहोचवायला इतरांना सोबत घेतो. नुसतं प्रभूसमोर बरोबर असणं त्याला पुरत नाही, माणसांसमोरही चोख दिसलं पाहिजे. मंडळीचा ट्रस्ट असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली दरवर्षी लेखापरीक्षण होतं का, विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला का, हे विचारा. विचारलेलं आवडणार नाही, तरी विचारा. परदेशी नागरिक असलेल्या एखाद्या भावाने प्रेमाने चर्चच्या छपरासाठी पैसे पाठवतो म्हटलं तर ट्रस्टची परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. स्वतःच्या खात्यावर घेऊन चर्चला देणं हा तर सरळ खड्डा आहे.

लग्नांचं थोडक्यात. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा एकदा स्वतः वाचा. सामान्यतः सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच विधी, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, दोन साक्षीदार, रजिस्टरात लगेच सह्या. वरात नाचत नाचत सात वाजवते, त्यामुळे पत्रिकेत चारची वेळ छापायला लावा. जन्मदाखला बघितल्याशिवाय तारीख देऊ नका, मग तो कमिटी मेंबरचा भाचा का असेना.

नगरकडच्या मंडळ्यांत काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, कागदावर. घराघरांत मात्र अजून "आम्ही अमेरिकन मिशनचे" आणि "ते एसपीजीचे" (म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे) चालतं. अमेरिकन मिशनच्या वळणाच्या घरांना वाटतं, मंडळी ठरवेल ते पाळकाने करावं. एसपीजीच्या वळणाच्या घरांना प्रार्थनापुस्तकातला शब्द इकडचा तिकडे झालेला खपत नाही. कमिटीत एखाद्या फालतू विषयावर दोन तास वाद झाला तर मुळाशी बहुधा हे असतं. मला चार वर्षं हे कळलंच नाही, मी आपला त्यांच्या स्वभावाला दोष देत राहिलो.

गाण्यांचं भांडण याहून वेगळं. म्हाताऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर हवीत, पोरांना कीबोर्ड आणि ड्रमसेट. मी आधी आळीपाळीचा रविवार ठेवला, तो सपशेल पडला. अर्धे जण आपल्या रविवारीच यायचे. मग तरुण संघाला सांगितलं, कीबोर्ड वाजवा, पण महिन्यातून एक अभंग त्या आजोबांकडून चालीसकट शिकून घ्या. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या भाषेत आणलं तेव्हा जुन्या लोकांना तेही रुचलं नसणार, असं मी आजोबांनाही हळूच सांगून ठेवलं. ड्रमसेट अजून मोठ्यानेच वाजतो. पण आजोबा आता तालमीला येऊन बसतात आणि ओरडतात.

पहिल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन मी एकट्याने येशूचे वधस्तंभावरचे सातही उद्गार सांगितले. चौथ्याला घसा बसला. मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करताना बघून सुनावलं होतं, की तूही झिजशील आणि लोकही. पुढच्या वर्षी सात जणांना सात उद्गार वाटून दिले, त्यात तीन बायका. "मला तहान लागली आहे" हा पाण्याचा टँकर चालवणाऱ्या एका सभासदाकडे दिला. त्या उन्हाळ्यात तो रोज चार वाड्यांना पाणी पोहोचवत होता. माणूस सहा मिनिटं बोलला, हंडा घेऊन टँकरमागे धावणाऱ्या एका मुलीबद्दल. ते मी सेमिनरीत आणखी दहा वर्षं काढली असती तरी मला सुचलं नसतं.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना एक पथ्य पाळा. "विश्वास ठेव, गोळ्या सोड" असं कधीही म्हणू नका, आणि दुसरा कुणी म्हणत असेल तर गप्प बसू नका. साखरेच्या, फिटच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्याने माणसं मरतात. मी हात ठेवून प्रार्थना करतो आणि निघताना पुढची तपासणी कधी आहे ते विचारतो. दोन्ही एकाच श्वासात.

आणि मंडळीसाठीही दोन शब्द, कारण हे वाचणाऱ्यांत कमिटी मेंबर असतीलच. पाळकाचा पगार तीन महिने थकवून त्याच्याकडून विश्वासावर उपदेश मागू नका. पाळकवाड्याचं गळकं छप्पर पावसाळ्याआधी बघा. "आधीचे पाळकसाहेब असं करायचे" हे वाक्य वर्षभर गिळा. त्याची बायको ही फुकटची संडे स्कूल टीचर नाही, तिला विचारा, नाही म्हणाली तर राग धरू नका. सोमवार त्याचा सुट्टीचा ठरवा आणि मयत सोडून कशासाठीही दार वाजवू नका. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. बोलणं त्याच्यानंतर, डोंगरावर. मी सातव्या वर्षी त्या झुडपाखाली होतो. सकाळची प्रार्थना म्हणजे उपदेशासाठी मुद्दे शोधणं झालं होतं, आणि ते माझ्या आधी माझ्या मुलीला कळलं. तेव्हापासून सकाळी एक स्तोत्र असं वाचतो ज्यावर त्या आठवड्यात बोलायचं नाही.

बदली झाली की चार्ज नीट द्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं, शेवटच्या लेखापरीक्षणाची प्रत, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी, हे सगळं द्या. कोण कुणाशी बोलत नाही हे मात्र लिहून देऊ नका, नव्या माणसाला ते स्वतः बघू द्या. जुन्या मंडळीतून लग्नासाठी फोन येतील, "तुम्हीच या." नव्या पाळकाने बोलावलं तरच जा. गेल्या वर्षी माझ्या जागी आलेला मुलगा अजून सव्वीसचाही नव्हता, हातात लॅपटॉप. त्याने विचारलं, सर, उपदेशाच्या नोट्स ठेवल्यात का? मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि आधी कबरस्तानाकडे घेऊन गेलो. फाटकाची किल्ली दोरीला बांधून त्याच्या हातात दिली. बाभळी पुन्हा वाढल्या होत्या.