घरच्या आतषबाजीसाठी फटाके घेताना या चुका टाळा

फटाके घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि उडवायचे कुठे, हे माल घरी आल्यावर ठरवतात. हा क्रम उलटा हवा. आधी टेप घेऊन जागा मोजा. बघे जिथे बसणार तिथून भुईनळ्यांसाठी निदान ८ मीटर आणि वर जाऊन फुटणाऱ्या मालासाठी निदान २५ मीटर मोकळी जागा लागते. वेष्टनावर यापेक्षा जास्त अंतर छापलेलं असेल तर तेच पाळायचं. डोक्यावर फांद्या, तारा नकोत, शेजारी वाळलेलं गवत नको. २५ मीटर भरत नसतील तर शॉटचे डबे (एकदा वात लावली की आतल्या नळ्यांतून एकामागून एक शॉट वर जाऊन फुटतात ते) आणि बाण यादीतून सरळ काढून टाका. ‘एखादा लहानसा घेऊन ठेवू’ ही तडजोड करू नका, तो एखादाच नेमका आडवा जातो. चांगले भुईनळे, सपाट फरशीवर भुईचक्रं आणि फुलबाज्या एवढ्यावरही कार्यक्रम देखणा होतो.

दुसरी चूक शॉटचा आकडा वाचून डबा उचलण्याची, आणि ती दरवेळी होते. बारीक नळ्यांचे १०० शॉट ३० सेकंदांत संपत असतील तर सेकंदाला तीनाहून जास्त शॉट सुटतात. एक फूल पुरतं उमलायच्या आत पुढची तीन त्यावर येतात आणि अर्ध्या वेळेनंतर नुसता धूर दिसतो. याउलट ३० मिलिमीटर नळीचे २५ शॉट ४० सेकंद चालत असतील तर दोन शॉटमध्ये दीड सेकंद मिळतो आणि प्रत्येक रंग वेगळा कळतो. म्हणून दुकानदाराला नळीचा व्यास आणि डबा किती सेकंद चालतो, हे विचारा. त्याला ते सांगता येत नसेल आणि वेष्टनावरही नसेल, तर तो डबा घेऊ नका.

डब्याचा तळ तर कुणी बघतच नाही. उंच आणि अरुंद डबा मऊ हिरवळीवर ठेवला की पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. प्रत्येक शॉट सुटताना डब्याला खाली दणका बसतो. पहिल्या आठदहा शॉटमध्ये एका बाजूची माती दबते आणि डबा किंचित कलतो. त्यापुढचे शॉट तिरपे सुटतात, त्यांचा दणकाही तिरपा बसतो, आणि डबा आडवा होतो. राहिलेले सगळे शॉट माणसांच्या उंचीवरून, बहुधा खुर्च्यांच्या दिशेने जातात. ते थांबवायला धावणारा माणूसच जास्त भाजतो. म्हणून उंचीपेक्षा तळ रुंद असलेला डबा घ्या. दुकानातच तो हातात घेऊन बाजूने हलका दाबून बघा, नळ्या सुट्या हलत असतील तर परत ठेवा. उडवताना खाली जाड फळी किंवा फरशी आणि चारही बाजूंनी डब्याच्या निम्म्या उंचीच्या वर वाळूच्या पिशव्या. फळी आणि वाळू यादीत फटाक्यांच्या आधी लिहा. पंख्यासारखे पसरणारे शॉट असतील तर डब्याची रुंद बाजू बघ्यांकडे ठेवा, नाहीतर कडेचे शॉट त्यांच्या डोक्यावरून जातील.

वातीशी खेळ हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. वात आखूड वाटली म्हणून तिच्याभोवती कागदाची सुरळी गुंडाळणारे उतावळे सगळीकडे भेटतात. उघडी हिरवी वात साधारण सेकंदाला एक सेंटिमीटर जळते, म्हणजे ५ सेंटिमीटरला पाच सेकंद. तीच कागदात बंद केली की ज्वाळा आतल्या आत पुढे धावते आणि हात मागे घ्यायच्या आत मसाला, म्हणजे आतली दारू, पेटतो. आखूड, तुटलेली किंवा आत सरकलेली वात दिसली तर तो नग घेऊच नका. घरी आल्यावर दिसली तर तो पाण्यात जातो. पेटवायला लांब उदबत्ती, हात लांबवून, चेहरा नळीवर न आणता.

बाणाची काडी तोडून आखूड केली की बाण भरकटतो. काडी सरळ आणि पूर्ण लांबीची हवी, आणि ज्या नळीतून सोडायचा ती जमिनीत घट्ट रोवलेली.

दमट माल उन्हात किंवा चुलीजवळ सुकवू नका. ओल लागून सुकलेल्या मसाल्याला तडे जातात, तो एकदम सगळीकडून पेटतो, आणि जो बाण वर जायचा तो जागेवरच फुटतो. पुडा फुगलेला, डागाळलेला असेल तर फेकायचाच.

फुलबाजीला खेळणं समजू नका. तिचं जळतं टोक १००० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. एका हातात एकच, आणि विझली की पाण्याच्या बादलीत. पाचसहा एकत्र बांधून पेटवू नका, त्या फुलबाजीसारख्या जळत नाहीत, भडका होतो.

निळ्या रंगाचा माल घेतलात तर तो पूर्ण अंधार पडल्यावरच काढा. हा रंग तांब्याच्या क्षारांनी येतो आणि ज्वाळा थोडी जास्त तापली की फिकट पडतो. उरलेल्या उजेडात तो दिसतच नाही.

न उडालेल्या नगाकडे निदान अर्धा तास फिरकू नका. मग लांबून त्यावर पाणी ओता आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. त्याला दुसऱ्यांदा वात लावायची नाही.