स्लाइड काढू नका, लिहा: मार्पवर मराठी सादरीकरण

रावेर-यावल पट्ट्यातला केळी उत्पादकांचा मेळावा असो, नाहीतर जळगावच्या एखाद्या कॉलेजातला प्रोजेक्टचा सेमिनार, स्लाइडची रड सारखीच. मजकूर तासाभरात तयार होतो आणि पुढचे दोन तास चौकटी सरळ करण्यात जातात. आदल्या रात्री एक आकडा बदलला की तो कोणकोणत्या स्लाइडवर आहे ते शोधत बसायचे. त्यापेक्षा सगळा मजकूर एका साध्या फाइलमध्ये लिहावा, रंगरूप एकदाच ठरवावे आणि जुळणी प्रोग्रामवर सोडावी.

अशी साधने बरीच आहेत. रिव्हील जेएस आणि स्लायडेव्ह वेबपानांच्या तंत्रावर चालतात. गणितवाले लाटेकमधले बीमर वापरतात, पण मराठीसाठी तिथे झीलाटेक किंवा लुआलाटेकच घ्यावे लागते. नवख्याने मार्पपासून सुरुवात करावी. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि त्याच्या बहुतेक खुणा विरामचिन्हांच्या आहेत, त्यामुळे फाइल मराठीतच वाचता येते.

मांडणी

व्हीएस कोड हा एडिटर उतरवून घ्या. त्यात एक्स्टेन्शनच्या यादीतून ‘मार्प फॉर व्हीएस कोड’ टाका. इंटरनेट एवढ्यापुरतेच लागते, पुढचे काम लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर होते. सादरीकरणासाठी वेगळे फोल्डर करा आणि एडिटरमध्ये ते फोल्डरच उघडा, सुटी फाइल नको. त्यात नवी फाइल करून तिच्या नावाच्या शेवटी बिंदू आणि रोमन ‘एमडी’ लावा. फाइल उघडल्यावर उजवीकडे वर मार्पचे चिन्ह दिसते. त्यातून मार्प चालू केले की फाइलच्या डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये एक ओळ येते. हा माथा फाइलच्या पहिल्याच ओळीपासून हवा. त्याच्यावर चुकून रिकामी ओळ राहिली तर मार्प त्याला माथा मानत नाही.

आता लिहायला घ्या:

```
# केळीची लागवड

मृगबाग: जून-जुलै

---

## एकरी किती रोपे?

| अंतर (फूट) | रोपे |
|---|---:|
| 5 × 5 | 1742 |
| 6 × 5 | 1452 |
| 6 × 6 | 1210 |
```

या दोन स्लाइड झाल्या. एका चौकडीने (`#`) मोठे शीर्षक, दोन चौकड्यांनी त्याहून लहान. तीन आडव्या रेघा म्हणजे पान उलटले. तक्त्यातल्या रेघांना उजवीकडे अपूर्णविराम दिला की आकडे उजवीकडे जुळतात. (आकडे साध्या भागाकाराचे आहेत: एकराचे 43,560 चौरस फूट भागिले एका झाडाची जागा. बांध आणि रस्ता त्यातून वजा करायचा.) एडिटरमध्ये बाजूला पूर्वदृश्य उघडून ठेवा, म्हणजे टाइप कराल तसतशी स्लाइड दिसत राहील.

मराठी लिहिताना हमखास होणाऱ्या चुका

तीन रेघांच्या वर रिकामी ओळ सोडायची राहते. मग मार्कडाउनच्या (खुणांनी लिहायच्या या पद्धतीच्या) नियमाप्रमाणे वरची ओळच शीर्षक बनते आणि पान काही उलटत नाही. ‘शेवटची ओळ अचानक एवढी मोठी कशी झाली?’ याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. चौकडीनंतर जागा सोडली नाही तरी शीर्षक होत नाही, चौकडी तशीच छापली जाते.

क्रमांकाची यादी मराठी कीबोर्डवरून ‘१.’ अशी सुरू केली तर मार्कडाउन तिला यादी मानत नाही, ते फक्त 1, 2, 3 हे आकडे ओळखते. पडद्यावर मराठी आकडेच हवे असतील तर फाइलमध्ये 1, 2 लिहा आणि रूपाच्या सूचनांमध्ये (खाली ‘रंगरूप’मधली ‘स्टाइल’ची खूण) क्रमयादीचा प्रकार रोमन लिपीत ‘देवनागरी’ ठेवा. ब्राउझर स्वतः १, २, ३ दाखवतो.

जुन्या टंकातला मजकूर ही वेगळीच डोकेदुखी. कार्यालयातून आलेली फाइल कृतीदेव किंवा श्रीलिपीत असेल तर इथे चिकटवल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. रफार आणि पहिली वेलांटी रूपांतरात जागा सोडतात. अहिराणीला वेगळे काही लागत नाही. ‘पानी कितलं शे?’ असे शीर्षक दिले तरी लिपी तीच आहे.

रंगरूप

माथ्यात थीम, पानक्रमांक आणि आकार ठरतो. या सूचनांचे शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात, अपूर्णविरामानंतर जागा सोडून. आकार काही सांगितला नाही तर 16:9 मिळतो, म्हणजे 1280 बाय 720 पिक्सेल. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा प्रोजेक्टर जुना असेल तर 4:3 सांगा, नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर उगाच बारीक होते.

मार्पबरोबर तीन थीम येतात: डीफॉल्ट, गाया आणि अनकव्हर. मराठीसाठी डीफॉल्ट बरी. बाकी दोन्हींमध्ये अक्षरांत थोडे अंतर सोडलेले आहे. रोमनला ते शोभते, आपल्या शब्दांची शिरोरेषा मात्र जागोजागी तुटते. त्याच थीम हव्या असतील तर फाइलमध्ये ‘स्टाइल’ची खूण घालून ‘सेक्शन’ या घटकाचे अक्षर-अंतर शून्य करा. त्याच जागी आणखी तीन गोष्टी ठरवून टाका: टंक ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, अक्षराचा आकार 36 पिक्सेल, ओळीची उंची 1.5. उंची कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

या मापाने एक ओळ 54 पिक्सेल घेते. कडेची मोकळी जागा आणि शीर्षक वजा केले तर सातेक ओळी उरतात, त्याहून जास्त लिहू नका. मार्प मजकूर आपोआप लहान करत नाही, जास्तीच्या ओळी खाली कापल्या जातात. हे बरेच आहे, कारण एरवी आपण अक्षर बारीक करत करत अख्खा अहवाल एका स्लाइडवर कोंबतो.

टंक इंटरनेटवरून जोडू नका, संगणकावर बसवा. खेड्यातल्या सभागृहात नेट नसले तर ब्राउझर दुसराच टंक घेतो आणि ओळी भलतीकडे तुटतात.

फोटो

चित्राची खूण अशी: उद्गारचिन्ह, चौकोनी कंस, लगेच गोल कंसात फाइलचे नाव. चौकोनी कंसात रोमन ‘बीजी’ लिहिले तर चित्र पार्श्वभूमीला जाते. त्यापुढे ‘राइट’, अपूर्णविराम आणि 40% जोडले की फोटो उजव्या चाळीस टक्क्यांत बसतो, मजकूर डावीकडे सरकतो. घडाचा उभा फोटो दाखवायला ही रचना उत्तम. फाइलच्या नावात जागा सोडू नका, त्याने चित्राची खूणच मोडते. मोबाइलचा फोटो सरळ टाकला तर पीडीएफ फार जड होते. त्याची रुंदी 1600 पिक्सेलवर आणली तरी पडद्यावर फरक कळत नाही.

बोलायची टिपणे आणि एकेक मुद्दा

स्लाइडवर दिसू नये पण बोलताना हवे, असे काही असेल तर ते एचटीएमएलच्या (वेबपानांच्या भाषेच्या) टिप्पणीत लिहा: `<!--` आणि `-->` यांच्या मध्ये. यादीचे मुद्दे एकेक करून यायला हवे असतील तर ओळीच्या सुरुवातीला आडव्या रेघेऐवजी तारांकन (`*`) द्या. ही करामत फक्त एचटीएमएल प्रतीत चालते, पीडीएफमध्ये सगळे मुद्दे एकदम दिसतात.

बाहेर काढणे

मार्पच्या चिन्हातूनच निर्यात होते. पीडीएफ किंवा पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) काढायला संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स लागतो, कारण पाने प्रत्यक्षात ब्राउझरच रंगवतो. एचटीएमएल प्रत ब्राउझरमध्ये उघडून रोमन ‘पी’ची कळ दाबली की वेगळ्या खिडकीत टिपणे आणि पुढची स्लाइड दिसते. मात्र या प्रतीत फोटो भरलेले नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेली की सभागृहात चित्रांच्या जागा रिकाम्या राहतात. अख्खे फोल्डर न्या.

पीपीटीएक्सबद्दल गैरसमज नको. नेहमीच्या निर्यातीत प्रत्येक स्लाइड एक चित्र म्हणून बसते, त्यामुळे उघडता येते पण आतला शब्द बदलता येत नाही. साहेब त्यात स्वतः फेरफार करणार असतील, किंवा कार्यालयाचा ठरलेला साचाच वापरायचा असेल, तर मार्पच्या वाटेला जाऊ नका, नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच करा. दरवर्षी तेच प्रशिक्षण नव्या आकड्यांनी घ्यायचे असेल, तिथे मात्र ही पद्धत फायद्याची.

शेवटची तपासणी एडिटरच्या पूर्वदृश्यात नको, पीडीएफवर करा. प्रत्येक पानाची खालची कड पाहा, तक्ता उजवीकडे बाहेर गेला का ते पाहा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून सर्वांत लहान अक्षर वाचून बघा. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कार्यक्रम असेल तर फिकट राखाडी अक्षरे उजेडात गडप होतात. पांढऱ्यावर ठळक काळे ठेवा आणि पेनड्राइव्हवर एचटीएमएलच्या फोल्डरशेजारी ही पीडीएफही असू द्या.