आरबीआयकडच्या बँकांच्या ठेवी: मी जिथे अडकले तिथे तुम्ही अडकू नका

एमए झाल्यावर मुंबईत एका छोट्या रिसर्च फर्ममध्ये लागले आणि पहिलं काम हेच मिळालं. शुक्रवारी आरबीआयचं आकडेवारीचं साप्ताहिक परिशिष्ट आलं की बँकांनी आरबीआयकडे ठेवलेल्या पैशाचा, म्हणजे बँकांच्या ठेवींचा, आकडा एक्सेलमध्ये चढवायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. यातला मोठा भाग सीआरआरचा (कॅश रिझर्व्ह रेशो), म्हणजे बँकांनी आपल्या देण्यांचा जो ठराविक हिस्सा आरबीआयकडे ठेवायलाच हवा तो.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो आकडा चांगलाच वर गेला. मी लिहिलं, बँकांकडे पैसा मुबलक आहे, लिक्विडिटी (बँकांच्या हातातला मोकळा पैसा) सैल आहे. नोट क्लायंटकडे गेली आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात बँकिंग सिस्टीम डेफिसिटमध्ये आली, म्हणजे मोकळ्या पैशाची तूट पडली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आजही ती फाईल उघडायला नको वाटतं.

झालं असं होतं की १२ ऑगस्टपासून आरबीआयने बँकांना जादा सीआरआर ठेवायला लावला होता, १९ मे ते २८ जुलै या काळात त्यांच्या देण्यांत (मुख्यतः लोकांच्या ठेवींत) जी वाढ झाली तिच्या १० टक्के, आणि त्यात एक लाख कोटींहून थोडा जास्त पैसा अडकला. म्हणजे मी ज्याला मुबलक म्हणत होते तो पैसा बांधलेला होता. घरमालकाने डिपॉझिट वाढवून मागितलं आणि तुम्ही भरलं, तर त्याच्याकडे तुमच्या नावावर जास्त रक्कम दिसेल, पण तुमचा खिसा रिकामाच झाला ना? इथे अगदी तसंच आहे. वर सीआरआरवर बँकांना व्याजही मिळत नाही.

उलटंही होतं. २०२५ मध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत सीआरआर ४ वरून ३ टक्क्यांवर आला, त्यातून सुमारे अडीच लाख कोटी मोकळे होणार होते. पण नुसती ठेवींची ओळ बघणाऱ्याला वाटेल पैसा आटला. म्हणूनच आरबीआय स्वतः राखीव पैशाची (मुख्यतः चलनातली रोकड आणि आरबीआयकडच्या बँकांच्या ठेवी) वाढ सीआरआरमधल्या बदलाचा पहिला परिणाम बाजूला काढूनही देते, तो आकडा आधी बघा.

माझी सीनियर उत्तर कधीच द्यायची नाही. पेन्सिलने आकड्याखाली रेघ मारायची आणि विचारायची, "यातलं सक्तीचं किती?" तेव्हा राग यायचा. आता वाटतं असा एक माणूस मिळाला तर दहा कोर्स नकोत. आणि टेलिग्रामवरचे तयार चार्ट उचलू नका, पहिले सहा महिने तरी आकडे हाताने भरा, त्याशिवाय कुठला आकडा खटकतोय हे कळतच नाही.

सक्तीचं किती हे आरबीआयच्या रोजच्या मनी मार्केटच्या प्रेस रिलीजमध्ये मिळतं, बँकांची शिल्लक आणि पंधरवड्याची रोजची सरासरी गरज दोन्ही तिथे असतात, वजाबाकी करा. पण एका दिवसाच्या वजाबाकीवर उडी मारू नका, कारण बँकांना सरासरी पूर्ण पंधरवड्याची गाठायची असते, एखाद्या दिवशी ९० टक्के ठेवलं तरी चालतं. शिवाय एप्रिल २०२२ पासून जादा पैसा एसडीएफमध्ये (आरबीआयची स्टँडिंग डिपॉझिट फॅसिलिटी) ठेवता येतो, तिथे व्याज मिळतं, आणि तो राखीव पैशातल्या बँकांच्या ठेवींत मोजला जात नाही. खरा सुकाळ बऱ्याचदा तिथे दिसतो.

"बँका कर्ज देत नाहीत म्हणून पैसा आरबीआयकडे पडून आहे" हे वाक्य तर लिहूच नका. एका बँकेने कर्ज दिलं की पैसा दुसऱ्या बँकेच्या खात्यात जातो, आरबीआयकडची बेरीज तेवढीच राहते. ती हलते ती लोकांनी रोकड काढली, सरकारकडे टॅक्स गेला, आरबीआयने डॉलर घेतले किंवा विकले अशा कारणांनी.

पहिले दोन-तीन महिने डोकं गरगरतं, ते सगळ्यांचंच होतं, घाबरू नका. मी आजही शुक्रवारी आकडा चढवायच्या आधी सीआरआरच्या तारखांचा वेगळा कॉलम भरते, तुम्हीही २०२० पासूनचा करून ठेवा.