म्हाडाच्या सोडतीसाठी अर्ज करताना या चुका टाळा

म्हाडाच्या मुंबई मंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या सोडतीत २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांहून अधिक अर्ज स्पर्धेत होते, म्हणजे एका घरामागे पन्नासहून अधिक अर्जदार उभे होते. एवढ्या गर्दीत आपला क्रमांक लागणे हा नशिबाचा भाग आहे आणि त्याबाबत कोणालाच काही करता येत नाही. मात्र सोडतीपर्यंत पोहोचण्याआधीच जे अर्ज बाद होतात, किंवा घर लागूनही जे हातचे जाते, त्यामागे बहुतेक वेळा एखादा जुना दाखला, नावातला फरक किंवा न वाचलेली अट असते.

पूर्वी आधी सोडत निघत असे आणि मग विजेत्यांकडून कागदपत्रे मागवली जात. त्यांची छाननी महिनोन्‌महिने चाले. जानेवारी २०२३ पासून नवी संगणकीय प्रणाली आली आणि हा क्रम उलटा झाला. आता नोंदणी करतानाच कागदपत्रे ऑनलाइन सादर करावी लागतात, त्यांची पडताळणी आधी होते आणि पात्र ठरलेलाच अर्ज सोडतीत जातो. ‘आधी लॉटरी लागू दे, मग कागदांचे बघू’ ही जुनी सवय त्यामुळे आता सर्वांत महाग पडते. नोंदणी कायमस्वरूपी असून ती वर्षभरात केव्हाही करता येते, तरीही बहुतेक जण जाहिरात आल्यावरच जागे होतात आणि मग सेतू कार्यालयातला दाखला मुदतीत हाती येत नाही.

उत्पन्नाचे वर्ष आणि उत्पन्नाचा आकडा

सर्वाधिक घोळ होतो तो उत्पन्नाच्या पुराव्यात. मे २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुंबई, पुणे व नागपूर महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेले अत्यल्प उत्पन्न गटात, तर ६ ते ९ लाखांचे अल्प उत्पन्न गटात मोडतात. राज्याच्या उर्वरित भागात याच मर्यादा अनुक्रमे साडेचार लाख आणि साडेसात लाख अशा आहेत. नाशिक शहरासाठी अर्ज करणाऱ्याने गावाकडची मर्यादा धरली, किंवा ग्रामीण भागातील योजनेसाठी मुंबईची, तर गट चुकतो. खालच्या गटातील अर्जदाराला वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करण्याची सवलत आहे, पण वरच्या गटातल्याला खाली उतरता येत नाही; म्हणून चुकून वरचा गट निवडला तर निदान अर्ज जिवंत राहण्याची शक्यता असते, खालचा निवडला तर तो अपात्रच ठरतो.

कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे अर्जदाराचे आणि विवाहित असल्यास जोडीदाराचे मिळून उत्पन्न. एकाच घरात राहणाऱ्या वडिलांचे निवृत्तिवेतन किंवा भावाचा पगार त्यात धरायचा नसतो, परंतु शिकवण्या घेणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या पत्नीची कमाई धरायची असते आणि नेमकी तीच ‘किरकोळ’ म्हणून वगळली जाते. पत्नी गृहिणी असली तरी तिचे आधार व पॅन लागतेच. दुसरी गफलत म्हणजे हातात पडणारा पगार बाराने गुणून वार्षिक उत्पन्न ठरवणे. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर किंवा सोसायटीचा हप्ता कापला गेला म्हणून ते उत्पन्न नव्हते असे होत नाही. महिन्याला ४७ हजार हातात येणाऱ्या माणसाला आपण सहा लाखांच्या आत आहोत असे वाटते, पण कपातीपूर्वीचा पगार ५२ हजार असेल तर वर्षाचे ६ लाख २४ हजार होतात आणि गट बदलतो.

आयकर विवरणपत्र जोडणाऱ्यांनी पोचपावतीवरचे वर्ष दोनदा वाचावे. त्यावर ठळकपणे छापलेले असते ते करनिर्धारण वर्ष. सोडतीच्या जाहिरातीत उल्लेख असतो तो आर्थिक वर्षाचा. जाहिरातीत १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातील उत्पन्न मागितले असेल, तर त्यासाठी करनिर्धारण वर्ष २०२४-२५ ची पोचपावती लागते. पावतीवर ‘२०२३-२४’ दिसले की अनेक जण तीच जोडून मोकळे होतात, आणि ती प्रत्यक्षात आदल्या वर्षाची असते. विवरणपत्र भरत नसलेल्यांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो, मात्र घरात आधीच पडून असलेला, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावाचा असतो आणि त्यावरचे वर्षही निराळे असते. दाखला अर्जदाराच्या नावाचा आणि मागितलेल्या वर्षाचाच हवा. नोंदणी कायमस्वरूपी असली तरी उत्पन्नाचा पुरावा दर सोडतीला नवा लागतो, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

नाव, दाखले आणि प्रवर्ग

अधिवास प्रमाणपत्राच्या बाबतीत अनेकांची समजूत अशी असते की एकदा काढले म्हणजे ते जन्मभराचे झाले. म्हाडाला हवे असते ते अलीकडच्या काळात दिलेले, बारकोड असलेले प्रमाणपत्र, कारण त्याची पडताळणी ऑनलाइन होते. दहावीनंतर प्रवेशासाठी काढलेला हाताने लिहिलेला कागद कितीही खरा असला तरी प्रणालीला तो तपासता येत नाही. भाड्याच्या घरातील कुटुंबांना महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जमवायला वेळ लागतो, म्हणून हा दाखला सर्वांत आधी हाती घ्यावा.

विवाहित स्त्रियांच्या नावांचा प्रश्न तर घरोघरी आहे. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते कधी मधल्या नावासह, कधी नुसत्या आद्याक्षरासह, अशी स्थिती असेल तर पडताळणी तेथेच अडते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद हा त्यावरचा पुरावा आहे खरा, पण अर्जासोबत खुलासे जोडत बसण्यापेक्षा आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घेणे शहाणपणाचे. घटस्फोटित अर्जदाराने न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत तयार ठेवावी; नुसते वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे, आणि हुकूमनामा नसेल तर जोडीदाराचे उत्पन्न व त्याच्या नावावरचे घर दोन्ही विचारात घेतले जाते.

प्रवर्ग निवडताना एक ठाम गैरसमज दिसतो. शाळा-महाविद्यालयांत आणि नोकरीत इतर मागासवर्गाला आरक्षण असल्याने म्हाडाच्या सोडतीतही ते असणार असे गृहीत धरले जाते, पण तसा प्रवर्ग तेथे नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या जमाती, विमुक्त जाती, पत्रकार, कलाकार, स्वातंत्र्यसैनिक, माजी सैनिक, दिव्यांग, राज्य व केंद्र शासनाचे कर्मचारी अशा ठरावीक प्रवर्गांसाठी राखीव घरे असतात. बाकी सर्वांनी सर्वसाधारण प्रवर्गातूनच अर्ज करायचा. राखीव प्रवर्गातून अर्ज करताना जातीचा दाखला पुरेसा नसून जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ज्याच्या हाती ते आजच नाही त्याने राखीव प्रवर्गाचा आग्रह धरावा का, याचा विचार शांतपणे करावा.

गावाकडचे घर आड येते का?

हा प्रश्न कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पडतो, आणि त्याचे उत्तर योजनेनुसार बदलते. म्हाडाच्या सर्वसाधारण योजनांत अट असते ती संबंधित क्षेत्रापुरती: मुंबईतील घरासाठी अर्ज करणाऱ्याच्या, त्याच्या जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर मुंबई महापालिकेच्या हद्दीत मालकीचे घर नसावे. साताऱ्याकडचे किंवा गुहागरचे घर तेथे आड येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेखालील घरांना मात्र देशात कोठेही पक्के घर नसण्याची अट लागू होते, आणि त्याच जाहिरातीत दोन्ही प्रकारची घरे शेजारी शेजारी छापलेली असतात. घर वडिलांच्या नावावर आहे तोवर ते अर्जदाराचे नव्हे. पण वडिलांच्या पश्चात वारसनोंद होऊन मिळकत पत्रकावर किंवा ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर (नमुना आठ) आपले नाव चढले असेल, तर ‘ते तर भावकीचे सामाईक घर’ या युक्तिवादावर विसंबून राहू नये. अर्जापूर्वी उतारा काढून पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खोटे प्रतिज्ञापत्र देऊन मिळवलेले घर पुढे कधीही रद्द होऊ शकते, आणि तोपर्यंत माणसाने कर्जाचे हप्ते भरलेले असतात.

अर्ज कोणाच्या हातून भरला जातो

ई-सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या मुलाकडून अर्ज भरून घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ता अर्जात जाऊ देणे. काम लवकर व्हावे म्हणून केंद्रचालक स्वतःचा ई-मेल टाकतो, पुढे सूचनापत्रे त्याच्याकडे जातात, आणि त्या दिवशी चारशे अर्ज भरलेल्या माणसाला आपले नाव आठवत नसते. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला व स्वतःचा असावा, ई-मेलचा परवलीचा शब्द स्वतःकडे असावा आणि परताव्यासाठी दिलेले बँक खाते अर्जदाराच्याच नावाचे असावे, कारण सोडतीत यश न आल्यास अनामत रक्कम त्याच खात्यात परत येते.

अनामत रक्कम भरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, ही साधी गोष्टही सुटते. मुंबईच्या २०२३ च्या सोडतीत अत्यल्प गटासाठी २५ हजार आणि अल्प गटासाठी ५० हजार रुपये अनामत होती, तिच्यावर ५९० रुपये अर्जशुल्क होते आणि ते परत मिळत नाही. एकाहून अधिक योजनांसाठी अर्ज केल्यास प्रत्येकाची अनामत वेगळी भरावी लागते, तेव्हा उसनवारी करून पाच-सहा संकेत क्रमांकांवर (जाहिरातीत प्रत्येक योजनेला दिलेल्या क्रमांकांवर) पैसे अडकवण्याऐवजी दोन योजना नीट पाहून निवडाव्यात. शेवटच्या दिवशी बँकेचे व्यवहार रखडतात, ही तक्रार दर सोडतीला ऐकू येते. तिच्यावर मुदतवाढीखेरीज दुसरा इलाज नसतो आणि मुदतवाढ मिळेलच असे नाही.

अर्ज गेल्यावर स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि तिच्यावर दावे-हरकती मागवल्या जातात. २०२४ च्या मुंबई सोडतीत प्रारूप यादी २७ सप्टेंबरला लागली आणि हरकतींची मुदत २९ सप्टेंबरला संपली. त्या दोन दिवसांत ज्याने यादी उघडली नाही, त्याला आपला अर्ज का बाद झाला हे ३ ऑक्टोबरच्या अंतिम यादीनंतर कळले, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

दलालांबाबत म्हाडा प्रत्येक जाहिरातीत छापते की सदनिका विकण्यासाठी आपण कोणताही प्रतिनिधी, सल्लागार किंवा एजंट नेमलेला नाही. तरीही ‘वरून कोटा आहे’ असे सांगणारे भेटतातच, आणि २०२४ मध्ये तर म्हाडाच्या संकेतस्थळासारखे दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडून लोकांकडून पैसे घेतल्याचा प्रकार उघड झाला. शासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा होतो. पैसे भरण्यापूर्वी पत्त्याची ती ओळ वाचावी.

घर लागल्यानंतरची चूक

अत्यल्प गटाचे घर म्हणजे जवळजवळ फुकटचे घर, असा समज बाळगून अर्ज करणाऱ्यांची खरी अडचण विजेता ठरल्यावर सुरू होते. पहाडी गोरेगाव येथील अत्यल्प गटातील सुमारे ३२२ चौरस फुटांच्या घराची किंमत २०२३ च्या सोडतीत ३० लाख ४४ हजार रुपये होती. त्यासाठी २४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २० हजार ८०० रुपये बसतो. वर्षाला सहा लाख कमावणाऱ्या कुटुंबालाही तो जड आहे. तीन-चार लाख कमावणाऱ्याला बँक एवढे कर्जच देत नाही. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि देखभालीचा खर्च वेगळा.

म्हणून कर्जाची चौकशी सोडतीनंतर नव्हे, अर्जापूर्वी करावी. दोन बँकांकडे पगारपत्रक दाखवून ‘मला किती कर्ज मिळेल’ एवढे विचारले तरी कोणत्या योजनेकडे वळायचे नाही, हे कळते. किंमत झेपत नसेल तर कोकण मंडळाच्या योजना पाहाव्यात. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी कित्येक सोडतींनंतरही घरे शिल्लक राहिली आणि ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर विकली गेली. अर्थात तेथे लोकलचा प्रवास आणि पाण्याची स्थिती स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

विजेत्याने आधी ऑनलाइन स्वीकृती द्यायची असते, त्यानंतर तात्पुरते देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, मिळते आणि त्यात किमतीच्या २५ टक्क्यांचा पहिला हप्ता व उरलेली रक्कम भरण्याच्या तारखा दिलेल्या असतात. बँकेला कर्जासाठी म्हाडाचे ना-हरकत पत्र लागते, ते मागण्यात आणि बँकेच्या मंजुरीत दिवस जातात, आणि घड्याळ मात्र देकार पत्राच्या तारखेपासून चालू असते. मुदतवाढ मिळालीच तर ती व्याजासह मिळते. स्वीकृती न दिल्यास किंवा हप्ता चुकल्यास घर प्रतीक्षा यादीवरील पुढच्या अर्जदाराकडे जाते. त्यामुळे प्रतीक्षा यादीत नाव असलेल्यांनीही आपला मोबाइल क्रमांक बदलू नये आणि नोंदणीच्या खात्यात अधूनमधून डोकावत राहावे, कारण त्यांना येणारे पत्र सोडतीनंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकते.